शपथ मोडली, म्हणजे काम वाया गेलं का?

प्रश्न : गावात बचत गटातल्या बायकांना घेऊन व्यसनमुक्तीचं काम करते. शपथ घेतलेले पुरुष महिन्याभरात पुन्हा पिऊ लागले. मी कमी पडतेय का?
– एक कार्यकर्ती, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : ताई, मुळीच नाही. व्यसन हा उलटणारा आजार आहे, नुसत्या शपथेनं तो बरा होत नाही. तुमचं खरं बळ आहे ते मुलांपर्यंत नशा पोचू न देण्यात. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला कायद्यानं बंदी आहे. म्हणून शाळेजवळच्या, तंबाखू-सुपारीचा खर्रा विकणाऱ्या टपरीपासून सुरुवात करा. मुख्याध्यापक, ग्रामपंचायत सोबत हवी, एकट्या जाऊ नका. आणि कळकळीनं सांगते, रोज पिणाऱ्याला दारू एकदम सोडायला लावू नका. झटके येऊन, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे न्या. 14446 ही सरकारी मोफत हेल्पलाइन घरच्यांनाही सल्ला देते.