खोडीची गोष्ट कोण सांगतं?

मनू, तुझा रात्रीचा मेसेज सकाळी गॅसपाशी उभी राहून वाचला आणि दूध उतू गेलं. इतका लांब मेसेज तू मला दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच पाठवलास. फोनच केला असता, पण शिबिरात तुमचे फोन संध्याकाळी तासभरच हातात मिळतात, म्हणून लिहून ठेवते. निवांत वाच. आणि खोलीतल्या पोरींना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, हे आपल्या दोघींतलं.

तर, तुमच्या कबड्डी संघातली ती चढाईपटू. जिल्ह्यात तिच्या तोडीची दुसरी नाही, बोनस तर ती झोपेतही घेईल, असं तूच लिहिलंयस. तिनं नव्या मुलीला पहाटे साडेतीनला हलवून उठवलं, "सरांनी मैदानावर बोलावलंय, पळ." ती पोर जर्सी चढवून, नीकॅप लावून अंधारात मैदानाला फेऱ्या मारत राहिली. पाच वाजता वॉचमननं हटकलं तेव्हा थांबली. तुम्ही सगळ्या खिडकीतून बघत होतात, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसत होतात. तूही. सकाळी सरांना कळलं तर ते म्हणाले, "चालायचंच, अशानंच संघ एकजीव होतो." आणि भेटायला आलेल्या कुणाच्या तरी आई म्हणाल्या, "माज आहे दुसरं काय, दोन ढाली आणल्या की झालं." आता तू विचारतेस, ताई, खरं काय? माज की जिव्हाळा?

तुला सचिनची एक गोष्ट सांगते. तुमच्या वयाच्या मुलींना सचिन माहीत आहे तो निवृत्तीनंतरचा, हळू आवाजात तोलून बोलणारा. लहानपणी हा मुलगा वांद्र्याच्या साहित्य सहवासात खड्डे खणून त्यावर वर्तमानपत्र पसरायचा, वर माती-वाळू भुरभुरवायचा आणि कुणीतरी येऊन त्यात धपकन पडायची वाट बघायचा. त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. लेखक-कवींची कॉलनी ती, वडील प्राध्यापक आणि कवी, आणि घरात हे शेंडेफळ! तर हाच सचिन पुढे इंदूरला पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या शिबिराला गेला. तिथं कोलकात्याचा सौरव गांगुली होता. दुपारी सौरव खोलीत गाढ झोपला होता. उठून बघतो तर खोलीत पाणीच पाणी, आणि त्याची बॅग त्यात तरंगतेय. आधी त्याला वाटलं, न्हाणीघरातला नळ फुटला. मग लक्षात आलं, पाणी दाराच्या फटीतून आत येतंय. दार उघडलं तर बाहेर सचिन आणि विनोद कांबळी, बादल्या घेऊन. जतीन परांजपेही त्या कटात होता. कारण काय, तर दुपारी झोपतोस कशाला, खेळायला चल!

आता यात माज शोधायचा म्हटला तर सापडेलही. मुंबईची पोरं, त्यांचा तो दबदबा, आणि बाहेरगावच्या पोराच्या सामानाची नासाडी. पण मी ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकली असेल? सौरवच्याच. त्यानं ती किती वेळा सांगितली असेल कोण जाणे, आणि दर वेळी हसत हसत. नंतर सचिननंही हसत कबुली दिली. ज्याची बॅग तरंगली त्यालाच ती गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, यातच काय ते आलं. दोघं जवळपास एका वयाचे, दोघंही शिबिरार्थी, दोघांनाही अजून भारताकडून खेळायचं होतं. पाण्याची बादली सौरवनं उलट आणली असती तरी चाललं असतं. पुढे या दोघांनी एकदिवसीय सामन्यांत जोडीनं 176 डावांत 8227 धावा केल्या. त्या बादलीमुळे केल्या असं मी म्हणणार नाही हं, तेवढी भाबडी नाही मी.

दुसरी गोष्टही सौरवचीच. बिचारा सारखा सापडायचा. 2005 साली पाकिस्तानचा संघ आला होता आणि कोचीच्या सामन्याच्या तोंडावर एप्रिल फूल आलं. तेव्हा सौरव कप्तान. पोरांनी खोटी बातमी छापून आणली. तीत कप्तानानं आपल्याच खेळाडूंना नावं ठेवली आहेत, असं दाखवलं होतं. एकेकानं तोंड पाडलं, कुणी चिडून बोललं. सौरव गयावया करायला लागला, मी असं काही म्हणालोच नाही. शेवटी म्हणाला, तुम्हाला तसं वाटत असेल तर मी कप्तानी सोडतो. इथं राहुल द्रविडला राहवलं नाही आणि त्यानं भांडं फोडलं. मग काय, हशा. 2 एप्रिलला सामना झाला, सेहवाग 108, द्रविड 104, आणि गंमत म्हणजे सचिननं चेंडू हातात घेऊन 50 धावांत 5 बळी काढले. पाकिस्तान 87 धावांनी हरला.

या गोष्टीत दोन जागा मला महत्त्वाच्या वाटतात. खोडी झाली ती कप्तानाची. ज्याच्या हातात संघ, त्याची. खालच्यांनी वरच्याची काढली. आणि दुसरं, गोष्ट रडण्यापर्यंत आली तेव्हा "पुरे" म्हणणारा एक जण तिथं होता. तोही काही संघातला नवखा नव्हता. त्याचं म्हणणं कुणी उडवून लावलं नसतं.

तुमच्या पहाटेच्या प्रकारात "पुरे" कोण म्हणालं? वॉचमन.

रागावू नकोस. मी हे तुला सोवळं नेसून सांगत नाहीये. माझीही एक गोष्ट आहे, ती घरात कुणालाच माहीत नाही.

मी कॉलेजात खो-खो खेळायचे हे तुला माहीत आहे. आमच्या संघात एक मुलगी होती, खांबावर असा सूर मारायची की समोरच्या संघाच्या मुलीही "अगं बाई" म्हणायच्या. तिच्याशिवाय संघ म्हणजे मिठाशिवाय आमटी. आणि खोडकर तर इतकी! सरांची शिट्टी पळवायची, कुणाच्या वेण्या बाकाला बांधायची. आम्हाला ती फार आवडायची. एकदा सराव चालू असताना तिनं एका नव्या मुलीच्या चपला पत्र्याच्या शेडवर फेकल्या. निळ्या पट्ट्यांच्या स्लिपर, एका पट्ट्याला टाचणी लावलेली. एप्रिलचा महिना, सराव सकाळी अकरापर्यंत लांबलेला. ती मुलगी इकडे तिकडे बघत राहिली. आम्ही गप्प, गालात हसतोय. तिनं कुणाला विचारलं नाही. "राहू दे, मी जाते" म्हणाली आणि अनवाणी निघाली. मैदानापासून एसटी स्टँडपर्यंत डांबरी रस्ता होता. ती रस्ता सोडून कडेच्या गवतावरून चालायचा प्रयत्न करत होती आणि गवत संपलं की पाय उचलून उचलून टाकत होती. ते बघून आम्ही आणखी हसलो, मनू. मीही हसले. कोंबडीसारखी चालते, असं कुणीतरी म्हणालं. ते कुणीतरी मीच होते.

दुसऱ्या दिवशी ती पुरुषी चपला घालून आली, वडिलांच्या असाव्यात. टाचेमागे दोन बोटं जागा मोकळी. चपलांबद्दल चकार शब्द काढला नाही. आमच्या स्टारनं मोठ्या मनानं शिपायाला सांगून स्लिपर खाली काढून दिल्या, आणि ती "थँक्यू" म्हणाली. हसलीसुद्धा. त्या हसण्यावर आम्ही सगळ्या निर्धास्त झालो. बघ, तिनंही मजेत घेतलं! त्या मोसमानंतर ती कधी मैदानावर आली नाही. अभ्यास असेल, घरचं असेल, मी स्वतःला कायम असंच सांगत आले. पण आजही कॉलेजच्या मैत्रिणी जमल्या की हा किस्सा निघतो आणि तो सांगतो आम्ही. तिच्या तोंडून तो कुणी ऐकलेला नाही.

म्हणून मला हल्ली खोडी केवढी होती यापेक्षा तिची गोष्ट नंतर कोण सांगतं, ते बघावंसं वाटतं. युजवेंद्र चहलनं 2022 मध्ये एक आठवण सांगितली. 2013 ची. बंगळुरूत सामन्यानंतर पार्टी चालू होती, तो तेव्हा नवा, अंगानं हा एवढासा. एका दारू प्यायलेल्या खेळाडूनं त्याला बोलावून घेतलं आणि हॉटेलच्या पंधराव्या मजल्याच्या गॅलरीतून बाहेर लोंबकळत धरलं. चहलनं त्याच्या मानेला मिठी घातली होती. हात सुटले असते तर? लोकांनी धावत येऊन सोडवलं, पाणी पाजलं. त्या खेळाडूचं नाव चहलनं घेतलं नाही. मनू, नऊ वर्षं लागली त्याला हे बोलायला. तो तर मस्करी करणारा, सगळ्यांना हसवणारा गडी, तरीही.

आणि हात लावावा लागतो असंही नाही. अमेरिकेत मायामी डॉल्फिन्स नावाचा त्यांच्याकडच्या फुटबॉलचा संघ आहे. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा जोनाथन मार्टिन नावाचा आडदांड खेळाडू ताट घेऊन जेवणाच्या टेबलाशी आला, तर बसलेले सगळे उठून निघून गेले. एवढीच मस्करी. त्यानं ताट आपटलं आणि तो संघ सोडून गेला. पुढे चौकशी झाली, 2014 मध्ये अहवाल आला, त्यात निघालं की तीन सहकारी त्याला सतत छळत होते. त्यातला मुख्य रिची इन्कग्निटो म्हणत होता, आम्ही तर मित्र! आणि दोघांत हजारो मेसेजेस होतेही, हसण्याखिदळण्याचे. मार्टिन हसत होता म्हणजे त्याला चालत होतं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. संघात नव्या माणसाला हसण्यावाचून दुसरं काय करता येतं, सांग बघू? स्टारच्या खोडीवर हसणं सगळ्यांनाच स्वस्त पडतं. जिच्यावर बेतते तिलाही.

तुझी ती चढाईपटू अशी आहे, असं माझं म्हणणं नाही. तू तिच्याबद्दल जे लिहिलंस त्यावरून ती मला आवडलीच. ताप आलेल्या मुलीची चादर धुतली, स्वतःच्या बक्षिसाच्या पैशातून सगळ्यांना मिसळ खिलवली, हे माजलेली माणसं करत नाहीत. त्या काकूंचं बोलणं सोडून दे, आपल्याकडे पोरीनं मोठ्यानं हसून चार गुण आणले तरी माज म्हणतात. सरांचंही सोड. पोरी आपापसात मिटवतात म्हटलं की त्यांना बरं पडतं. माझ्या मते तुमची स्टार माजलेली नाही. आपला हात किती जड आहे हे तिला कळलेलं नाही, कारण तिला कुणी कधी अडवलेलं नाही. हीच खोडी राखीव खेळाडूनं केली असती तर सरांनी तिला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावलं असतं. स्टारनं केली की तिचा किस्सा होतो.

पारखायचंच असेल तर सोपा उपाय आहे. उद्या तिच्या चहात चमचाभर मीठ टाक. तूच टाक, त्या नव्या मुलीला पुढे करू नकोस. घोट घेऊन ती थुंकली, तुझ्या मागे धावली, पाठीत धपाटा घातला, तर देव पावला. पोरगी सोन्यासारखी आहे, तिला बाजूला घेऊन पहाटेचं सांगितलंस तर ऐकेल. आणि तिचा चेहरा काळवंडला, "माझ्याशी असलं नाही करायचं" म्हणाली, तर मग त्या काकू अगदीच चुकीच्या नव्हत्या. चारचौघांत मात्र बोलू नकोस तिला. चारचौघांत सांगितलेलं कुणालाच पटत नाही, तुला तरी पटतं का?

आणि ते मीठ उद्या नाही टाकलंस तरी चालेल, पण एक काम आज रात्रीच कर. त्या नव्या मुलीशेजारी जाऊन बस. मला वाईट वाटलं, सॉरी, असलं नाटक करू नकोस, ती अवघडेल. तिच्या गावचं विचार, घरी कोण कोण आहे, पकड कुणाकडून शिकली ते विचार. बोलता बोलता पहाटेचा विषय तिनं स्वतःहून काढला आणि नक्कल करून सांगितला, तर तुझ्याइतकाच माझाही जीव भांड्यात पडेल. नाही काढला तर तूही काढू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बस. आणि पुढच्या खेपेला कुणी कुणाला साडेतीनला उठवायला निघालं, तर अंथरुणातून उठून "पुरे" म्हण. वॉचमनवर सोडू नकोस.

मी तुझा मेसेज आत्ता तिसऱ्यांदा वाचला. त्यात तुमच्या चढाईपटूचं नाव अकरा वेळा आलंय, सरांचं चारदा. त्या मुलीला तू सगळीकडे "ती नवीन" म्हटलंयस. उद्या फोन हातात आला की आधी मला तिचं नाव कळव.