सहावीची जागा तिसरीतच जाते

नवोदय विद्यालयातल्या सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी बहुतेक नोकरी रायगडच्या पेण आणि रोहा तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये झाली. त्या जोरावर सांगते, आपल्याकडच्या कित्येक मुलांची ही जागा तिसरीतच हातची गेलेली असते. घरच्यांना ते कळतं थेट प्रवेशाच्या वेळी, पेढे वाटून झाल्यावर.

माझ्या माहेरी हेच झालं. भाऊ हमरापूरकडचा. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. त्याची मुलगी पहिली-दुसरी गावच्या शाळेत शिकली. तिसरीला शेजारच्यांची मुलं व्हॅननं पेणच्या इंग्रजी शाळेत निघाली, तशी हीही निघाली. फी, व्हॅनचे पैसे, वर ट्यूशन. दिवाळीपर्यंत भावाच्या नाकी नऊ आले आणि त्यानं मुलीला परत गावच्या शाळेत घातलं. तिसरी तिथेच पास झाली, चौथी आणि पाचवीही तिथेच. पोरगी हुशार, आकृत्यांच्या प्रश्नांत तर माझ्याही पुढे. पाचवीत पेणच्या एका क्लासवाल्यानं तिचा फॉर्म भरला. "गावच्याच शाळेत आहे ना? मग ग्रामीण," असं म्हणून त्यानं टिक करून टाकलं. मी तेव्हा रोह्यात. फॉर्म भरला एवढंच मला फोनवर कळलं.

नंबर लागला. भावाचा फोन आला तेव्हा त्याला नीट बोलताही येईना. मग कागदपत्रं तपासायचा दिवस आला. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा समोर आला आणि त्यात प्रवेशाची तारीख निघाली नोव्हेंबरची, पुढे 'पूर्वीची शाळा : पेण'. तपासणाऱ्यांनी कुठे आवाज चढवला नाही. नियम दाखवला आणि नाव काढलं. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "आत्या, पुढच्या वर्षी परत देईन ना मी." तिला काय सांगायचं? नवोदयची सहावीची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवीला पुन्हा बसूनही दुसऱ्यांदा देता येत नाही.

नियम असा आहे. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. उरलेल्या गुणवत्तेनुसार, त्यात गाव-शहर सगळे एकत्र. ग्रामीण म्हणून अर्ज करायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं, प्रत्येकी पूर्ण सत्र, ग्रामीण भागातल्या सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत काढलेली हवीत. या तीन वर्षांत मूल एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेच्या पटावर असलं, तरी ते शहरी. घर कुठे आहे हे इथे कुणी विचारत नाही, शाळा कुठे आहे ते विचारतात. म्हणजे वडखळला राहून पेणच्या शाळेत जाणारं मूल शहरी आणि पेणला राहून तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत जाणारं मूल ग्रामीण. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे ते असं आहे.

शहरी म्हणजे काय, हेही आपल्या मनानं ठरवायचं नाही. अर्जाच्या वेळी सरकारी अधिसूचनेनं जो भाग शहरी ठरवलेला असेल तो शहरी, बाकी सगळा ग्रामीण. पेणला नगरपरिषद आहे. रोहा आणि अष्टमी मिळून एक नगरपरिषद. नागोठण्याची बाजारपेठ कितीही गजबजलेली असो, तिथे ग्रामपंचायत. कोलाड आणि धाटावलाही तेच, मग धाटावला एवढी एमआयडीसी का असेना. खरा घोळ होतो तो रोह्याच्या कडेला. शाळेच्या पाटीवर 'रोहा' असतं आणि इमारत असते वरसे ग्रामपंचायतीत. एका पालकानं या पाटीवर विसंबून आपल्या मुलाला शहरी दाखवलं होतं. मी शाळेची घरपट्टीची पावती मागवली. ती ग्रामपंचायतीची निघाली, आणि दुरुस्तीच्या मुदतीत ते पोर ग्रामीणमध्ये आलं. अर्जाची मुदत संपली की थोडे दिवस ही दुरुस्तीची खिडकी उघडते. ग्रामीण-शहरी, प्रवर्ग, लिंग, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम, एवढंच त्यात बदलता येतं. ती कधी उघडते यावर स्वतः लक्ष ठेवा. क्लासवाला ठेवत नाही.

जिल्ह्याचं असंच. मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतं आणि राहतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो. आपल्याकडचे निम्मे बाप्ये नवी मुंबईत कामाला. खारघर-कामोठ्याच्या शाळेतलं मूल रायगडचंच, फक्त शहरी. पण वाशी-नेरूळला काकाकडे ठेवलेलं मूल ठाणे जिल्ह्याचं झालं. आजी रोह्याची असून त्याचा उपयोग नाही.

अर्जाला पैसे लागत नाहीत. अर्ज ऑनलाइन, साधारण जूनपासून सुटतो, म्हणजे नेमका लावणीच्या आणि कारखान्यांतल्या गणपतींच्या घाईत. सोबत मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला जोडायचा असतो. मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकाची सही. त्या दाखल्यात एक तक्ता असतो : तिसरी, चौथी, पाचवी, प्रत्येकीपुढे शाळेचं नाव, प्रवेशाची आणि सोडल्याची तारीख, ठिकाण ग्रामीण की शहरी. माझ्या मते सगळ्या अर्जात महत्त्वाचा कागद हाच, आणि लोक नेमका हाच गडबडीत उरकतात. कोरा नमुना सहीला पुढे करतात, मुख्याध्यापकही ओळखीखातर सही ठोकतात, तक्ता मागाहून सायबर कॅफेवाला भरतो. तसं करू नका. शाळेत बसा, जनरल रजिस्टर काढायला सांगा, तारखा बघून तक्ता भरा, मग सही घ्या. मधे शाळा बदलली असेल तर दोन्ही शाळांची नावं येऊ द्या. लपवलेलं रजिस्टरात निघतंच.

शहरातल्या शाळेत बसवून खेड्यातल्या शाळेच्या पटावर नाव ठेवायचं, असा सल्ला देणारेही भेटतात. आधी हजेरी खोटी, मग दाखला खोटा, आणि या सगळ्याच्या मधोमध दहा वर्षांचं पोर, ज्याला विचारलं तर कोणत्या शाळेचं नाव सांगायचं हे कळत नाही. मूल शहरी ठरत असेल तर शहरी म्हणून लढवा. चुरस जास्त आहे, मान्य. पण अर्ज खरा राहतो.

वयाची मर्यादा दरवर्षी एका वर्षानं पुढे सरकते. २०२६च्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ मधला हवा होता, या दोन्ही तारखा धरून. इतर मागासवर्गासाठी केंद्राची यादी चालते, राज्याची नव्हे. तेव्हा आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघा आणि दाखलाही केंद्राच्याच नमुन्यातला काढा. तहसीलला पावसाळ्यात गर्दी असते.

आता परीक्षा. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. ४० प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पेपर मराठीत मिळतो. बौद्धिकचे सगळे प्रश्न आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असे. यासाठी जाडजूड गाइडं लागत नाहीत. मी वर्गात जुन्या वहीचे चौकोन कापून द्यायचे. मुलं घडी घालायची, पेनाच्या टोकानं भोक पाडायची, उलगडायच्या आधी उत्तर वहीत लिहायची आणि मग उलगडून पाहायची. पंधरा दिवसांत मुलांना घडी डोळ्यांनी उलगडता यायला लागते. आरशासाठी बाईंच्या पर्समधला आरसा. भाषेत चार उतारे असतात, प्रत्येकावर पाच प्रश्न. रोज एक उतारा मोठ्यानं वाचून घ्या. उत्तरपत्रिकेवरचे गोळे निळ्या किंवा काळ्या बॉलपेननंच रंगवायचे असतात. आपली मुलं पाचवीपर्यंत पेन्सिलीनं लिहिणारी. घरी साध्या कागदावर गोळे काढून पेनानं भरायचा सराव करून घ्या, नाहीतर अर्धा वेळ त्यातच जातो.

क्लास लावावा का, असं प्रत्येक पालक विचारतो. शिक्षक लक्ष घालणारे असतील तर गरज नाही. आणि लावलात तरी फॉर्म त्यांच्याकडून भरून घेऊ नका.

नंबर लागलाच तर पुढचंही समजून घ्या. रायगडचं नवोदय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे, माणगावहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पेण-रोह्याहून गाडीनं माणगावपर्यंत जाता येतं. शाळा पूर्ण निवासी. शिक्षण, राहणं, जेवण, कपडे सरकारचे. नववीपासून काही मुलांना विकास निधी भरावा लागतो, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना तोही माफ. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. हे शेवटचं मुलाला आणि त्याच्या आईला आधीच सांगून ठेवा. आदिवासी मुलांसाठी एकलव्य निवासी शाळांचाही मार्ग आहे. त्याची चौकशी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा.

एक गोष्ट शिक्षकांसाठी. दिवाळी झाली की कातकरी वाडीतली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. निकाल आणि प्रवेश नेमके या मधल्या काळात येतात. अर्जात दिलेला नंबर तोवर रिचार्जअभावी बंद पडलेला असतो. रोहा तालुक्यातल्या एका वाडीतलं असं एक पोर मला माहीत आहे. त्याचं नाव यादीत आलं, आणि ते सांगायला वाडीत कुणीच नव्हतं. तेव्हा गुरुजी आणि बाई, या मुलांचे अर्ज तुम्ही स्वतः भरा. मोबाईल नंबर चालू राहील असाच द्या, वेळ पडल्यास तुमचा. भट्टी कोणत्या गावाला आहे आणि मुकादमाचा फोन काय, हे कुटुंब निघायच्या आधी वहीत लिहून ठेवा. आणि निकाल लागला की यादी पालकांच्या आधी तुम्ही बघा.