नोकरीतील प्रगतीसाठी पदव्युत्तर शिक्षण : निर्णयापूर्वीचा विचार

पदवी प्राप्त होताच नोकरीत रुजू होणाऱ्या तरुणांची संख्या आपल्या देशात फार मोठी आहे. कुटुंबाची आर्थिक गरज हे त्याचे प्रमुख कारण होय. चार-पाच वर्षे काम केल्यानंतर मात्र पुढील पदांची वाट अरुंद झाल्याचे यांपैकी अनेकांना जाणवते आणि पदव्युत्तर पदवीचा विचार मनात येतो. या पदवीसाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा काळ, शुल्क आणि श्रम खर्ची पडतात. म्हणून ती कशासाठी, कोठून आणि कशी मिळवावयाची, याचा विचार प्रवेशापूर्वीच होणे अगत्याचे आहे.

पदवीची गरज कोठे?

काही क्षेत्रांत पदव्युत्तर पदवी ही प्रवेशाचीच अट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकपदासाठी सर्वसाधारणपणे किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी व नेट किंवा सेट परीक्षेतील यश अपेक्षित असते. उच्च माध्यमिक स्तरावरील अध्यापनासाठीही संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. याउलट, नागरी सेवा परीक्षेसाठी कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी पुरेशी असते. तेथे पदव्युत्तर पदवीने पात्रतेत भर पडत नाही.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी मार्च २०१९ च्या आदेशान्वये सेवेत असताना मिळविलेल्या उच्च अर्हतेकरिता एकरकमी प्रोत्साहनाची तरतूद करण्यात आली. एक वर्षाहून अधिक कालावधीच्या पदव्युत्तर पदवीसाठी ही रक्कम २५,००० रुपये ठरविण्यात आली. मात्र ती अर्हता कर्मचाऱ्याच्या कामाशी निगडित असावी लागते. निव्वळ शैक्षणिक किंवा वाङ्मयीन विषयांतील पदवीस हा लाभ मिळत नाही. आपल्या सेवाप्रवेश नियमांत व पदोन्नतीच्या अटींत कोणत्या अर्हतेस स्थान आहे, हे आस्थापना शाखेकडून प्रथम जाणून घेणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

उपलब्ध मार्ग

नोकरी न सोडता शिकू इच्छिणाऱ्यांना मुक्त विद्यापीठांचा मोठा आधार आहे. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झाले. संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तर १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची एम. ए. पदवी किमान दोन व कमाल चार वर्षांत पूर्ण करता येते. ही लवचिकता नोकरदारांच्या दृष्टीने मोलाची आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही नवा पर्याय दिला आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एक वर्षाचा, तर तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांना दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, अशी रचना आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात आहे.

मान्यतेची खातरजमा

मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळविलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. यात 'मान्यताप्राप्त' हा शब्द निर्णायक आहे. संस्थेबरोबरच तो विशिष्ट अभ्यासक्रम आणि ते शैक्षणिक वर्ष यांनाही आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता असावी लागते. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, कृषी, वास्तुशास्त्र यांसारखे विषय दूरस्थ पद्धतीने शिकविण्यास परवानगी नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रमही या पद्धतीतून वगळण्यात आले आहेत.

या दक्षतेकडे दुर्लक्ष झाल्यास किती हानी होते, याचे उदाहरण ३ नोव्हेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आढळते. काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा हा प्रश्न होता. २००१ ते २००५ या सत्रांतील पदव्या निलंबित करून त्या विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षेची संधी देण्यात आली, तर त्यानंतरच्या सत्रांतील पदव्या रद्द ठरल्या. त्यांच्या आधारे मिळालेल्या नोकऱ्या व बढत्यांवरही गंडांतर आले. तत्पूर्वी २००९ मध्ये, मूळ पदवी न घेता मुक्त विद्यापीठातून थेट मिळविलेली पदव्युत्तर पदवी नियुक्तीसाठी ग्राह्य नाही, असाही निर्णय याच न्यायालयाने दिला होता.

वेळेचे गणित

मुक्त विद्यापीठांत एक श्रेयांक म्हणजे साधारणतः ३० तासांचा अभ्यास. ८० श्रेयांकांच्या अभ्यासक्रमास त्यानुसार २,४०० तास लागतात. दोन वर्षांत तो पूर्ण करावयाचा तर आठवड्याला सुमारे २३ तास, आणि चार वर्षांत करावयाचा तर साडेअकरा तास काढावे लागतील. नोकरी, प्रवास व घरची जबाबदारी सांभाळून रोज तीन तास मिळणे अनेकांना, विशेषतः नोकरी करणाऱ्या स्त्रियांना, कठीण जाते. अशा वेळी तीन-चार वर्षांची आखणी करणे अधिक व्यवहार्य होय. स्वाध्याय मुदतीत सादर न केल्याने वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून सत्राच्या आरंभीच त्यांचे वेळापत्रक आखावे.

प्रवेशापूर्वी 'स्वयम्' या शासकीय मंचावरील त्याच विषयाचा एखादा अभ्यासक्रम पूर्ण करून पाहावा. २०१७ पासून उपलब्ध असलेल्या या मंचावर शिकण्यास शुल्क पडत नाही. प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र नाममात्र शुल्क असते. विषयाची गोडी व आपली चिकाटी या दोहोंची त्यातून परीक्षा होते.

समारोप

पदव्युत्तर पदवी बढतीची हमी देत नाही. पात्रतेचे दार मात्र ती उघडू शकते. कामाशी सुसंगत विषय, निःसंदिग्ध मान्यता आणि झेपेल असा कालावधी या तीन कसोट्यांवर उतरणारा अभ्यासक्रम निवडल्यास नोकरदाराचे कष्ट सार्थकी लागतील. त्याच्या वाढलेल्या ज्ञानाचा लाभ तो ज्या कार्यालयात, शाळेत वा कारखान्यात काम करतो, त्यासही निश्चितच मिळेल.