भूल आणि अंगातली ऊब

बाहेर ऊन असो की गारठा, आपल्या अंगातली ऊब सारखी राहते. ती सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. थंडी वाजली की आपण कुडकुडतो, गोधडी ओढतो. अशी आपण ऊब राखतो.

पण आतड्याच्या ऑपरेशनसाठी माणसाला पूर्ण भूल देतात. मग तो कुडकुडत नाही. पांघरूणही मागत नाही. भुलीने त्याच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. आतले गरम रक्त हातापायांकडे जाते. पहिल्या तासातच आतली ऊब एक-दीड अंशाने उतरू शकते.

आता पुष्कळदा पोट मोठे चिरत नाहीत. लहान भोके पाडून दुर्बिणीने ऑपरेशन करतात. आपल्याला वाटेल, पोट उघडे नाही, मग गारठा कसला? पण पोट फुगवायला आत वायू भरतात. तो कोरडा असतो, बहुधा गारही असतो. ऑपरेशन काही तास चालते. म्हणून इथेही ऊब उतरते.

ऊब ३६ अंशांखाली गेली, तर रक्त जास्त वाहते. जखम पिकण्याची भीती वाढते. म्हणून डॉक्टर ऊब मोजत राहतात. गरम हवेचे पांघरूण घालतात. सलाईन कोमट करून देतात.

आपण काय करावे? ऑपरेशनला जाण्याआधी अंग झाकून ऊबदार राहावे. थंडी वाजली तर लाजू नये. "सिस्टर, मला थंडी वाजते," असे लगेच सांगावे. एकदा भूल चढली, की आपल्याला सांगता येत नाही.