आधी पिल्लाची आई दाखवा

आमच्या साक्षरता वर्गाला एक आबा येतात. गावाबाहेर मळ्यात त्यांची वस्ती आहे. गोठ्यात दोन म्हशी, चार शेळ्या. घरात सून आणि लहान नात. मुलगा कामासाठी शहरात असतो.

एका रात्री विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. आबा म्हणाले, “आता थोरलं कुत्रं पाळायचंच. अल्सेशियन पाहिजे.”

अल्सेशियन म्हणजेच जर्मन शेफर्ड. ही जात मोठी, हुशार आणि राखणीला चांगली. आबांचा विचार काही वाईट नव्हता. पण घाई झाली.

बाजाराच्या दिवशी एक माणूस टोपलीत पिल्ले घेऊन बसला होता. “दोन महिन्यांचं आहे. सुया टोचल्यात. हे बघा कार्ड,” असे तो म्हणाला. आबांनी पैसे मोजले. पिल्लू आणि कार्ड घेऊन ते घरी आले. नातीने पिल्लाला आपल्या गोधडीवर निजवले.

तिसऱ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले. उलट्या सुरू झाल्या. मग रक्ताची हगवण लागली. पाचव्या दिवशी ते मेले. नात दोन दिवस धड जेवली नाही.

आबा ते कार्ड घेऊन आमच्याकडे आले. तेव्हा ते वर्गाला नुकतेच येऊ लागले होते. “गुरुजी, ह्यात काय लिवलंय ते वाचा,” असे ते म्हणाले. आम्ही वाचले. लस टोचल्याची तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे पिल्लू जन्मायच्या आधीची! कार्ड दुसऱ्याच कुत्र्याचे होते.

आबा गप्प बसले. मग म्हणाले, “कागद हातात व्हता. पर डोळं असून आंधळा झालो.”

रोग कोठून आला?

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले, हा पार्व्हो नावाचा रोग. तो एका विषाणूमुळे होतो. विषाणू शरीरात शिरल्यावर काही दिवसांनी रोग दिसू लागतो. पिल्लू बाजारातूनच तो घेऊन आले असावे. त्याचे दात आणि वजन पाहता ते पाच आठवड्यांचेच होते.

आबांना लगेच दुसरे पिल्लू आणायचे होते. डॉक्टर म्हणाले, “थांबा. हा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. तेथे लहान पिल्लू आणाल तर तेही जाईल. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. गोधडी जाळा. आणि वर्षभर दम धरा.”

आबांनी दम धरला. त्या वर्षात ते वर्गाला नियमित आले. पुढे पिल्लू पाहायला निघाले तेव्हा आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनीच एका बाईंचे नाव सांगितले होते. त्या आपल्या घरी याच जातीची कुत्री पाळतात. तेथे जे पाहिले, ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

आई पाहा

खाण तशी माती, ही म्हण कुत्र्यालाही लागू आहे. म्हणून पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहावी. ती कोठे राहते ते पाहावे. जागा कोरडी आणि स्वच्छ आहे का? आई अंगाने बरी आहे का? मालकाजवळ ती मोकळी वागते, की दबून कोपऱ्यात बसते? भित्र्या आईची पिल्ले पुष्कळदा भित्री निघतात. आणि भ्यालेले कुत्रे चटकन चावते. “आई येथे नाही, लांब आहे,” असे कोणी म्हणाला तर सरळ माघारी फिरावे.

मोठ्या जातीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ती म्हणजे खुबा. मागचा पाय जेथे कमरेला जोडलेला असतो, तो सांधा. काही कुत्र्यांत तो नीट बसत नाही. कुत्रे मोठे झाले की लंगडते. उठता-बसता विव्हळते. हा दोष आईबापांकडून येतो. लहान पिल्लाकडे नुसते पाहून तो कळत नाही. म्हणून चांगला पैदासकार आईबापांच्या खुब्याचा क्ष-किरण फोटो काढून ठेवतो. बाईंनी तो न मागता दाखवला. बाप दुसऱ्या गावी होता. त्याचाही फोटो आणि कागद त्यांच्याजवळ होते.

पिल्लू पाहा

डोळे स्वच्छ असावेत. नाकातून शेंबूड येत नसावा. हिरड्या गुलाबी असाव्यात. पांढुरक्या हिरड्या म्हणजे अंगात रक्त कमी. शेपटीखालची जागा कोरडी असावी. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असेल तर बहुधा जंत असतात. अंगावर खरूज, उवा, गोचिड आहेत का ते केस फिरवून पाहावे. चालताना ते लंगडते का, तेही पाहावे.

फार लहान पिल्लू घेऊ नये. आठ आठवडे ते आई आणि भावंडे यांच्यात असावे. तेथेच ते शिकते. भावंडाला जोरात चावले की ते ओरडते आणि खेळ थांबवते. असे होता होता दात आवरायचे कसे ते पिल्लाला कळते. टोपलीतल्या पिल्लाला हे कोण शिकवणार?

कागद पाहा

२०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तेव्हा नोंदणीचा कागद मागायला लाजू नये.

लसीच्या कार्डावर तीन गोष्टी वाचाव्या: पिल्लाची जन्मतारीख, लसीची तारीख आणि डॉक्टरांची सही. लसीच्या बाटलीवरची चिठ्ठीही चिकटवलेली असते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना देतात. मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, असे पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. एक सुई का पुरत नाही? आईच्या दुधातून पिल्लाला रोगाशी लढण्याची शक्ती मिळते. ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. ती शक्ती केव्हा संपेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे. म्हणून लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर देतात. ती कधीही चुकवू नये. हा रोग दिसू लागल्यावर माणूस बहुतेक वाचतच नाही. कोणतेही कुत्रे चावले, मग ते घरचे पिल्लू का असेना, तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. आणि लगेच दवाखाना गाठावा.

केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था कुत्र्याच्या वंशाचा दाखला देते. त्यावरून आईबाप कोण ते कळते. पण तो प्रकृतीचा दाखला नव्हे. दाखला आहे म्हणून पिल्लू निरोगी, असे समजू नये.

तो तुम्हाला काय विचारतो?

आम्ही बाईंना प्रश्न विचारत होतो. पण त्यांचे प्रश्न आमच्याहून जास्त. “आबा, कुत्रं दिवसभर साखळीला बांधणार का? उन्हाळ्यात सावली कुठं आहे? तुम्ही गावाला गेलात तर त्याला जेवण कोण घालणार? मोठं झाल्यावर खाण्याचा खर्च झेपेल का?” आबांना आधी राग आला. “पैसं आम्ही मोजायचं, आन् परीक्षाबी आमचीच?” पण मग त्यांच्या ध्यानात आले. ज्याला पिल्लाची काळजी आहे तोच असे विचारतो. टोपलीवाल्याने काहीच विचारले नव्हते. त्याने फक्त पैसे मोजून घेतले होते.

बाई आणखी एक बोलल्या. “काही कारणानं नाही जमलं तर रस्त्यावर सोडू नका. मला परत आणून द्या.” हे वाक्य त्यांनी कागदावरही लिहून दिले.

घरी आणल्यावर

हे पिल्लू जन्मताना जेमतेम अर्धा किलोचे असते. वाढलेला नर तीस ते चाळीस किलोंचा होतो. ही वाढ साधारण दीड वर्षात होते. म्हणून हाडांवर ताण पडतो. लवकर मोठे व्हावे म्हणून ठासून खाऊ घालू नये. हात फिरवला तर बरगड्या हाताला लागाव्यात, एवढे अंग बरे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कॅल्शियमची पूड देऊ नये. जास्त कॅल्शियमने मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडे बिघडतात. उंचावरून उड्या मारू देऊ नयेत. लसी पुऱ्या होईपर्यंत गावातल्या इतर कुत्र्यांत सोडू नये.

निघताना बाईंनी लसीचे कार्ड पुढे केले. आम्ही हात पुढे केला. आबा म्हणाले, “थांबा गुरुजी. आज मी वाचतो.” त्यांनी चष्मा लावला. जन्मतारखेवर बोट ठेवले. मग लसीच्या तारखेवर. बोटांवर आठवडे मोजले. “धा आठवडं. दोन सुया झाल्या. तिसरीची तारीख हितं लिवलीया.”

वाचायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. बाई शांतपणे उभ्या राहिल्या. कोणी घाई केली नाही.

नवे शब्द

पैदासकार – जनावरांची पैदास करणारा
खुबा – मांडी आणि कंबर यांचा सांधा
विषाणू – रोग पसरवणारा, डोळ्यांना न दिसणारा अतिसूक्ष्म जीव
वंश – कूळ, आईबाप आणि त्यांचे पूर्वज

सांगा पाहू

१. आबांच्या पहिल्या पिल्लाचे कार्ड खोटे होते, हे कशावरून कळले?
२. पिल्लाला लस पुन्हा पुन्हा का द्यावी लागते?
३. तुमच्या घरी कुत्रे आहे का? त्याचे लसीचे कार्ड काढा. पुढल्या लसीची तारीख वर्गात वाचून दाखवा.