घड्याळ बघून जेव

पुणे

चि. मुक्ता,

तुझ्या आईने काल फोनवर तुझ्या बॅगेची यादी वाचून दाखवली. मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी, गोडा मसाला, चिवडा, आणि वर एक छोटा कुकर. ऐकून वाटलं, जपानात माणसं जेवत नसावीत, नुसत्या गाड्या बनवत असावीत. कोरडे मसाले खुशाल ने. कढीपत्ता, लिंबं, हिरव्या मिरच्या मात्र आईने कितीही गळ घातली तरी काढून ठेव. सरकारी तपासणीचा दाखला असल्याशिवाय ताजी फळं-भाजी तिथल्या विमानतळावरून पुढे जात नाही.

नागोयाला ट्रेनिंगला जाणारी आपली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास एकच गोष्ट करतात. रात्री साडेआठला भुकेजून बाहेर पडतात, स्टेशनसमोरच्या झगमगाटात शिरतात, बिल बघून हबकतात आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीत मॅगी. मग घरी फोन: नागोया भयंकर महाग आहे. मी दुभाषी म्हणून अशा तुकड्यांबरोबर बरीच वर्षं जाते आहे, आणि माझं मत ठाम झालंय की तिथे महाग असते ती वेळ. तेच हॉटेल, तोच आचारी, तोच मासा दुपारी हजार येनला आणि रात्री अडीच-तीन हजारांना. शंभर येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये धर, म्हणजे फरक लक्षात येईल. तेव्हा स्वस्त जागा शोधत वणवण करू नकोस, चांगल्या जागी बरोबर वेळेला जा. सोमवार ते शुक्रवारची दुपार कंपनीच्या कॅन्टीनवर सोड. बाकीच्या वेळांचं सांगते.

सकाळपासून सुरू करते, कारण नागोयासारखी सकाळ जपानात इतरत्र क्वचितच मिळते. तिथल्या जुन्या वळणाच्या किस्सातेनमध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, उघडल्यापासून साधारण अकरापर्यंत नुसती कॉफी मागवली तरी तिच्याच किमतीत जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं. कॉफी पाचशे येनच्या आसपास, टोस्ट-अंड्याचे वेगळे पैसे नाहीत. याला सगळे ‘मॉर्निंग’ म्हणतात. शेजारच्या इचिनोमिया गावचे लोक सांगतात की सुरुवात आमच्याकडे झाली. गाव विणकरांचं. मागांच्या खडखडाटात व्यापाऱ्याशी बोलणं व्हायचं नाही, म्हणून कारखानदार त्याला घेऊन कॉफीच्या दुकानात बसायचे. रोज येणाऱ्या या गिऱ्हाइकांना दुकानदारांनी कॉफीबरोबर शेंगदाणे आणि अंडं द्यायला सुरुवात केली. पुढे टोस्ट आला, आणि आता काही दुकानं सॅलडही देतात. स्पर्धाच तशी आहे.

पहिले काही दिवस कोमेदामध्ये जा. ही साखळी १९६८ साली नागोयातच सुरू झाली. मेनूवर फोटो असतात, बसायला ऐसपैस, कोणी उठवत नाही. अंड्याऐवजी ओगुरा माग. लोणी लावलेल्या गरम टोस्टवर लाल अझुकी कडधान्याचं गोड सारण. आधी नाक मुरडशील, मग पुरणपोळीवरचं तूप आठवेल.

पण महिन्याभरात कोमेदा सोड आणि राहत्या गल्लीतलं एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याचं दुकान धर. दारातूनच ओळखता येतं. आत ‘चुनिची शिम्बुन’ हे वर्तमानपत्र उघडून बसलेले आजोबा असतात आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर ओळीने टांगलेली कूपनांची पुस्तकं असतात. ती पुस्तकं नीट बघ. दहा कपांच्या पैशांत अकरा कपांची कूपनं, आणि प्रत्येक पुस्तकावर पेनाने लिहिलेलं नेहमीच्या गिऱ्हाइकाचं नाव. गिऱ्हाईक बाहेर पडताना मालकीणबाई आपणहून एक कूपन फाडतात, पैशांचा विषयच निघत नाही. सहा महिने राहायचंय, तर तूही एक पुस्तक घे. पैसे वाचतात ते थोडेच, पण नाव भिंतीवर लागलं की शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई बोलू लागतात, आणि भाजी कुठल्या दुकानात चांगली मिळते हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तुझं जपानीही तिथे सुधारेल, वर्गात सुधारलं त्याहून जास्त. फक्त सिगारेटचा वास सोसत नसेल तर दारावरची पाटी वाचून आत जा. २०२० पासून हॉटेलांत धूम्रपानबंदी आहे, पण आधीपासूनच्या लहान दुकानांना सूट मिळाली आहे.

रविवारी उशिरा उठलीस तर साडेदहाला ‘मॉर्निंग’ घे, दुपारचं जेवण आपोआप टळतं.

शनिवारी दुपारी मात्र नीट जेव. साडेअकरा ते दोन ही वेळ. दाराबाहेर खडूने लिहिलेल्या फळ्यावर ‘हिगावारी’ शोध. म्हणजे त्या दिवशीचं ताट: भात, मिसो सूप, लोणचं, एखादी लहानशी भाजी आणि एक मुख्य पदार्थ. बाजारात जे चांगलं आणि स्वस्त मिळालं ते मालक त्यात घालतो, म्हणून त्याच्याकडचं सगळ्यात ताजं अन्न बहुधा तेच असतं. ८०० ते १,१०० येनमध्ये पोट भरतं. पाणी आणि बऱ्याच ठिकाणी चहा फुकट, टीप द्यायची नाही. ठेवलीस तर मालक पैसे विसरलात म्हणून मागे धावत येईल. फुशिमी, मारुनोउची या ऑफिसांच्या भागातली अशी दुकानं शनिवार-रविवारी बरीचशी बंद असतात. सुट्टीच्या दिवशी ओसूच्या बाजारात जा. देवळाला लागून छपराखालच्या गल्ल्या आहेत, जुने कपडे, इलेक्ट्रॉनिक्स आणि खाणंच खाणं. तिथे ब्राझिली पद्धतीने भाजलेली कोंबडीही मिळते, कारण या भागातल्या मोटारींच्या कारखान्यांत ब्राझीलहून आलेली खूप माणसं काम करतात.

काही दुकानांत दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं. आधी नोट घालायची, मग बटणं पेटतात. काहीच कळेनासं झालं तर सगळ्यात वरचं डावीकडचं बटण दाब, बहुतेक ठिकाणी दुकानाची खासियत तिथेच असते. यंत्रावरचं बारीक वाचत मागची रांग खोळंबवण्यापेक्षा काय खायचं ते बाहेरच्या काचेतल्या नकली ताटांवरून ठरवून आत जा. आणि सुटे पैसे जवळ ठेव. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, त्या न घेणारी जुनी यंत्रं लहान दुकानांत अजून सापडतात.

आता तुझ्या तुकडीतल्या त्या सोलापूरच्या मुलाबद्दल. तो पक्का शाकाहारी आहे म्हणालीस. तू मासे-अंडी खातेस, गाय-डुक्कर नको एवढंच तुझं. त्याचं काम तुझ्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, ते दिसतात तरी. अडचण दाशीची. सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचा हा रस मिसो सूपमध्ये असतो, सोबा-उदोन नूडल्सच्या रश्श्यात असतो, भाजी शिजवतानाही घालतात. ‘मांस घालू नका’ म्हटलं की आचारी मनापासून तुकडे वगळतो आणि दाशीत शिजलेला भोपळा वाढतो. तो फसवत नसतो, त्याच्या लेखी दाशी हा मासा नाहीच. तेव्हा ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देसु’ (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही) हे पूर्ण वाक्य त्याच्याकडून घोटून घे, आणि एका कार्डावर जपानीत लिहून दे. गर्दीच्या वेळी कार्ड नुसतं दाखवलं की काम होतं.

पाकिटातल्या पदार्थांवर घटकांच्या यादीच्या शेवटी ॲलर्जीची नोंद असते. गाय, डुक्कर, कोंबडी, जिलेटिन यांची नावं कायद्याने सक्तीची नसली तरी बहुतेक मोठ्या कंपन्या लिहितात. तुझं काम त्यावर भागेल. त्याचं भागणार नाही, कारण ॲलर्जीच्या यादीत कात्सुओ नाही. त्याला मधली सगळी यादी वाचावी लागेल. करी दिसली म्हणून दोघांनीही हुरळून जाऊ नका. कोकोइचिबान्या ही करीची साखळी १९७८ साली नागोयाच्या वेशीवर सुरू झाली. तिथली नेहमीची करी म्हणजे पोर्क सॉस. पण काही शाखांत प्राणिजन्य काहीही नसलेली वेगळी शाकाहारी करी मिळते, ती त्याला शोधून दे. शहरातलं स्वस्त रामेन म्हणजे सुगाकियाचं, त्याचा रस्सा डुकराच्या हाडांचा. ते तुम्हा दोघांनाही नाही.

आणि ‘इंडियन’ पाटी दिसली की डोळ्यांत पाणी आणू नकोस. त्यातली बरीच दुकानं नेपाळी लोकांची. माणसं अगत्याची, दुपारी हजार येनच्या आत करी आणि ताटाबाहेर लोंबणारा नान देतात, तो संपला तर आणखी देतात. सोलापूरकराची सोय होईल. करी जरा गोडसर लागते, ती जपानी जिभेसाठी. वरणभाताची अपेक्षा ठेवू नये.

संध्याकाळी सुपरमार्केट. साडेसात-आठनंतर तयार जेवणाच्या विभागात एक कर्मचारी सवलतीच्या स्टिकरांचं यंत्र घेऊन येतो. आधी वीस टक्के, मग तीस, आणि बंद व्हायच्या सुमारास ‘हानगाकु’, निम्मी किंमत. सुशी, भाजलेला साबा मासा, कोशिंबिरी, सगळं त्याच दिवशी बनवलेलं. इथेही एक रीत आहे. आपण उचललेला डबा पुढे करून ‘याला लावा’ म्हणायचं नाही, त्याच्या मागे-मागेही फिरायचं नाही. लोणच्यांत फार रस असल्यासारखं जवळपास उभं राहायचं. सगळे तेच करत असतात. साकाए भागातल्या मात्सुझाकाया या मोठ्या दुकानातही तळघरात खाद्यपदार्थ असतात आणि बंद व्हायच्या आधी तिथेही किमती उतरतात. १६११ साली किमोनोच्या कापडाचं दुकान म्हणून सुरू झालेली ती पेढी, तिथला मासा निम्म्या किमतीत मिळणं ही चैनच. घरी नेऊन खाशील तर कर आठ टक्के, दुकानातच बसून खाल्लंस तर दहा. कॉम्बिनीत, म्हणजे कन्व्हिनियन्स स्टोअरमध्येही तेच.

इझाकायाला, म्हणजे पिता-पिता खायच्या जागी, सहकारी नेतीलच. बसल्या-बसल्या न मागवलेली एक वाटी समोर येते, तिचे तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. ते बसण्याचे पैसे समज, वाद घालू नकोस. प्यायची नसेल तर सरळ ऊलाँग चहा माग, कोणी आग्रह करत बसत नाही. पण बिल सगळ्यांत सारखं वाटलं जातं, हे मनात धरूनच जा. नागोयाचे तेबासाकी, म्हणजे मिरपूड मारलेले कोंबडीचे तळलेले पंख, जरूर खा. एकच पथ्य पाळ. साकाए-निशिकीच्या रस्त्यावर हातात मेनू घेऊन ‘या, स्वस्तात’ म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्या मागे जाऊ नकोस, तुझ्या कंपनीतला कोणी जायला निघाला तरी. ज्याचं दुकान चालतं त्याला रस्त्यावर माणूस उभा करावा लागत नाही.

फोनवर दुकानं शोधताना ताबेलोग बघ, तुला वाचता येतंय त्याचा फायदा घे. तिथे जपानी माणूस हात आखडून गुण देतो. साडेतीन म्हणजे उत्तम, ३.२ म्हणजे बिनधास्त जा. आपल्याकडच्या साडेचारच्या सवयीने बघशील तर उपाशी राहशील.

एवढं सगळं घड्याळाचं सांगितलं, तरी हित्सुमाबुशीला ते लागू नाही. लाकडी हंडीत भातावर भाजलेल्या उनागीचे, म्हणजे ईल माशाचे, तुकडे. पहिला वाटा नुसता खायचा, दुसरा कांद्याची पात आणि वसाबी घालून, तिसरा वरून गरम दाशी ओतून, आणि चौथा, तिन्हींत जो आवडला असेल तसा. आत्सुताचं होराइकेन हे हॉटेल १८७३ पासून चालू आहे, तिथेच खा. चार-पाच हजार येन लागतात, दुपारीही तेवढेच, आणि रांग असते ती वेगळीच. कुठे दीड हजारात मिळतं म्हणून कोणी सांगेल, तिकडे फिरकू नकोस. उनागी स्वस्तात चांगली होत नाही. त्यापेक्षा एकदाच, आत्सुताच्या देवळात जाऊन ये आणि तिथून चालत जा. त्या जेवणाचे पैसे मी तुझ्या खात्यावर टाकते आहे, आईला सांगू नकोस.

तुझी,
सुमामावशी