रीसेट करण्याआधी

पासवर्डची मुदत संपली म्हणून बदलला आणि तेव्हापासून खाते सारखे लॉक होते, अशी तक्रार आली की कार्यालयात सल्ला ठरलेला असतो : रीसेट करून टाका. कार्यालयाचे नेटवर्क सांभाळताना या सल्ल्याचे परिणाम मी वारंवार पाहिले आहेत. रीसेट हा शेवटचा उपाय असावा, असे माझे ठाम मत आहे.

मार्चअखेरीला एका कार्यालयात लेखा विभागातल्या मॅडम अशाच अडकल्या. टेबलावर बिलांचा ढीग, आणि खाते तासाभरात पुन्हा लॉक. “अहो सर, मी एकदासुद्धा चुकीचा टाकलेला नाही,” त्या कळवळून सांगत होत्या, आणि ते खरे होते. त्यांना रीसेटवर रीसेट करून दिले जात होते आणि त्यानेच दुखणे वाढत होते. विंडोजचा डोमेन सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, लगतचे दोन जुने पासवर्ड ओळखतो. एखादे यंत्र त्यातला पासवर्ड पाठवत राहिले तर सर्व्हर आत घेत नाही, पण चुकीचा प्रयत्न म्हणून मोजतही नाही. प्रत्येक रीसेटबरोबर तो साठवलेला पासवर्ड आणखी मागे पडतो. दोनाच्या पलीकडे गेला की मोजणी सुरू होते आणि खाते लॉक होते.

जुना पासवर्ड पाठवणारे यंत्र शोधता येते. खाते लॉक झाले की सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद पडते. पीडीसी एम्युलेटरचे काम ज्या डोमेन कंट्रोलरकडे आहे, तिथे ती पाहावी. प्रयत्न कोणत्या संगणकावरून झाले, त्याचे नाव तिच्यात असते. इथे नाव निघाले आवक-जावक टेबलावरच्या संगणकाचे. मॅडमनी कधीतरी तिथून शेअर्ड फोल्डर जोडला होता आणि पासवर्ड लक्षात ठेवण्याच्या चौकटीत खूण केली होती. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ती नोंद काढली, लॉक होणे थांबले. मोबाइलवरचा मेल, शेड्यूल्ड टास्क, लॉग ऑफ न करता नुसतेच बंद केलेले रिमोट डेस्कटॉप या जागाही अशाच तपासाव्या लागतात.

पडद्यावरच्या संदेशावरही फार विसंबू नये. पासवर्ड नियमात बसत नाही असे दिसले की माणूस अक्षरे, अंक, चिन्हे वाढवत बसतो. पण डोमेनच्या मूळ सेटिंगमध्ये एकदा बदललेला पासवर्ड एक दिवस पुन्हा बदलता येत नाही, आणि त्या अडवणुकीलाही हाच संदेश येतो. सकाळी रीसेट करून दिलेला पासवर्ड दुपारी स्वतःच्या मनासारखा करायला गेलेले लोक इथेच अडतात. रीसेट करावाच लागला तर पुढच्या लॉगऑनला बदलण्याची सक्ती करणारी खूण जरूर करावी; मग ही अट आड येत नाही. आपल्या नावाचा भाग पासवर्डमध्ये असला तरी तो नाकारला जातो. नावात ‘राव’ वेगळे लिहिलेले असेल, तर ती तीन इंग्रजी अक्षरे ओळीने कुठेही चालत नाहीत.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. कळफलक इनस्क्रिप्टवर राहिलेला असतो आणि पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात. लॉगऑनच्या पडद्यावर उजवीकडे खाली कोणती भाषा आहे ते आधी बघा, डोळ्याच्या चिन्हावर दाबून टाकलेली अक्षरे वाचा.

लॅपटॉप घरी नेणाऱ्यांचा घोळ वेगळा. लॅपटॉप शेवटच्या लॉगऑनचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवतो, त्यामुळे दुसरीकडे बदलला तरी घरी जुनाच चालतो. अशा वेळी व्हीपीएन जोडून, पडदा लॉक करून, नव्या पासवर्डने उघडावा.

ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणे मला पटत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये, तर मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून हा आग्रह काढून टाकला. तरी आपल्या कार्यालयात मुदत असेल, तर विंडोज एरवी पाच दिवस आधीपासून सूचना देते. ती दिसेल त्याच दिवशी, कार्यालयातल्या स्वतःच्या संगणकावर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पासवर्ड बदलावा आणि लगेच मोबाइलच्या मेलमध्येही नवा घालावा.